पंचामृतात बुडालेली पाटी

दह्याचा वास मला आजही सहन होत नाही. पंगतीत शेजारच्या पानावर कोणी दहीभात कालवायला लागलं की मी पान सोडून उठतो. लोक म्हणतात, म्हातारा भारी नखरेल आहे. असेन. पण ज्या पाटीवर दूध, दही, तूप, मध आणि साखर ओतली गेली ती पाटी माझी होती. पुढचं सगळं आयुष्य त्या पाटीवर अवलंबून होतं, आणि ते ओतणारे माझेच वडील होते.

लहानपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. अकोल्याच्या जुन्या शहरात तेव्हा अंध वगैरे कोणी म्हणत नसे. आंधळा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याचा मला कधी राग आला नाही. राग यायला लागला तो मला महाराज म्हणायला लागले तेव्हा.

अमरावतीला आंधळ्या मुलांसाठी एक शाळा होती. तिथे वसतिगृहात राहून मी शिकलो. गणित शिकवणारे गुरुजी स्वतःही आंधळेच होते, चिडके, आणि हाताने कडक. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या मांडीवर एक पत्र्याची पाटी ठेवली. ॲल्युमिनियमची, हलकी, काखेत मारून कुठेही नेता येईल अशी. तिच्यावर ओळीने अष्टकोनी भोकं आणि एका कडेला खण. खणात शिशाचे बारीक चौकोनी खिळे. खिळ्याच्या एका टोकाला धारेसारखी कड, दुसऱ्या टोकाला दोन टोचरे दाणे. खिळा भोकात बसवायचा आणि त्याची कड कुठल्या बाजूला वळली आहे ते बोटाने पाहायचं. वर वळली तर एक आकडा, जरा तिरपी वळली तर दुसरा. खिळे ओळीने लावले की संख्या तयार. वरची ओळ, खालची ओळ, बेरीज तिसऱ्या ओळीत. हातचा आला तर वेगळा खिळा. डोळस मुलं कागदावर करतात तेच, फक्त बोटांनी. तिच्यात यापेक्षा जास्त काही नव्हतं. हे मी इतकं उकलून सांगतो आहे, कारण पुढे आयुष्यातली दोन वर्षं मी हेच सांगत होतो आणि एका माणसालाही ते पटलं नाही.

आंधळ्या मुलाने काय करायचं हे त्या काळी ठरलेलं असे. खुर्च्यांना वेत विणायचा, नाहीतर पेटी वाजवून भजनं म्हणायची. मॅट्रिकला बसणारा आंधळा मुलगा विरळा, आणि बसला तरी गणितातून सूट मागून घेई. गुरुजींनी मला सूट घेऊ दिली नाही. ते म्हणाले, "गणित घेऊन मॅट्रिक हो. मी आता थकलो. माझी खुर्ची रिकामी होईन तेव्हा तिच्यावर आंधळाच बसला पाहिजे, डोळस नाही." शाळेत वरचे वर्ग नव्हते, म्हणून घरी राहून बाहेरून परीक्षा द्यायची होती. निघताना त्यांनी शाळेतली एक जुनी पाटी माझ्या हातात दिली. अशा पाट्या लांबून मागवाव्या लागत आणि महिनोन्महिने येत नसत. सांभाळ, एवढंच ते म्हणाले. आईने नंतर तिच्यासाठी खादीची पिशवी शिवली.

आमचं घर भिक्षुकाचं. बाबा लग्न-मुंजी लावत, सत्यनारायण सांगत आणि पत्रिका करत. पंचांग त्यांना तोंडपाठ होतं, पण आकडेमोड म्हटली की अंगावर काटा. जन्मवेळेच्या घटी-पळांचे तास-मिनिटं करायचे, अंश-कलांची वजाबाकी करायची, की तिथे त्यांचं हटकून चुकायचं. मी घरी आलो आणि त्यांना आयता हिशेबनीस मिळाला. ते आकडे सांगत, मी मांडीवरच्या पाटीवर खिळे लावी आणि उत्तर सांगी. आम्ही दोघंही खुश होतो. ओसरीत बसून बाप-लेकाने केलेलं ते काम मला मनापासून आवडायचं, हे मला लपवायचं नाही.

बिघडलं ते दर्यापूरकडच्या एका कापसाच्या अडत्यामुळे. तो मुलाची पत्रिका घेऊन आला होता. बाबांनी आकडे सांगितले, मी बोटं फिरवली आणि चंद्राचे अंश सांगितले. अडत्या पाटीजवळ सरकला. मग त्याने बाबांना विचारलं, "महाराज, हे काय वाचून राहिले?" बाबांनी सरळ सांगितलं, गणित आहे. अडत्या म्हणाला, "आंधळ्याले गणित कसं दिसते? हे दुसरंच काही आहे. तुमी सांगून नाही राहिले." आणि तो वाकला. त्याच्या पागोट्याचा शेमला माझ्या पायांवर आला, मग कपाळ टेकलं, घामाने ओलं.

बाबांनी तेव्हा एकदा म्हणायला हवं होतं, उठा हो, पोरगं बेरीज करून राहिलं. त्यांनी सुपारी कातरली. अडकित्त्याचा तो कटकट आवाज मला अजून आठवतो.

मग रीघ लागली. पातूरहून, बाळापूरहून, कुठून कुठून. दगड दिसला की शेंदूर फासायचा ही आपली रीत, इथे तर बोलता-चालता दगड मिळाला. सकाळी आंघोळ झाली की मला ओसरीत पाटावर बसवत, मांडीवर पाटी. आंधळ्याला हात लावायला माणसं परवानगी विचारत नाहीत, ही गोष्ट डोळसांना कधी कळायची नाही. तंबाखू मळलेले हात, कांदा चिरलेले हात, लहान पोराचा शेंबूड पुसलेले हात माझ्या तोंडावरून फिरत. एक बाई रोज येई. ती अंगठा जिभेने ओला करून माझ्या मिटलेल्या पापण्यांवर फिरवायची आणि मग तोच अंगठा स्वतःच्या नातवाच्या डोळ्यांना लावायची. मला तिथेच ओकारी यायची. मी तोंड वळवलं की लोक म्हणत, महाराजांना संचार होतो आहे.

आणि प्रश्न तरी कसले. हरवलेली म्हैस, कोर्टातला निकाल, भावाने जेवणात काही घातलं का. मी म्हणायचो, ही बेरजेची पाटी आहे. बाबा माझ्यावर ताण करत आणि सांगत, पाटी आज नाराज आहे. मग ते स्वतः खिळा चाचपत आणि उत्तर देत. तो खिळा म्हणजे आदल्या दिवशीच्या माझ्या उदाहरणातला राहून गेलेला सात असायचा, नाहीतर चार. माझ्या अर्धवट गणितांवर लोकांच्या म्हशी सापडत होत्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आता तिचा अर्थ रोज ओसरीत बसून कळत होता.

एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेला मूल होत नव्हतं. हिला माहेरी सोडून पोराचं दुसरं करावं का, एवढंच पाटीने सांगावं, असं सासूचं म्हणणं. सुनेच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही आणि या पत्र्यालाही कळत नाही. बाबांनी हात पुढे घालून खिळा चाचपला. म्हणाले, खिळा उत्तरेला वळला, सून घरातच ठेवा, तिच्या पायानं घर तरेल. सासूने पाटीला हात जोडले आणि सुनेला घेऊन गेली.

त्या दुपारी मी बाबांशी कडाकडा भांडलो. खोटं काहून सांगता, म्हणून विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या खऱ्यानं ती पोरगी आज माहेरच्या गाडीत बसली असती. माझ्या खोट्यानं ती घरी गेली. आता सांग, कोणाचं गणित बरोबर?" बाबा नुसतेच लबाड असते तर सोपं होतं. त्यांच्या लबाडीत मधूनच असं काही चांगलं निघायचं आणि मला आणखी घाण वाटायची, जसं उकिरड्यात कोणी ताजं फूल टाकावं.

त्या भांडणातून मी एक गोष्ट मात्र मिळवली. परीक्षा जवळ येत होती आणि ओसरीतल्या दरबारात माझा अभ्यास बुडत होता. शेजारचा एक मुलगा येऊन मला पुस्तकातली उदाहरणं वाचून दाखवी, तो रोज दारातली गर्दी पाहून परत जायचा. मी उपोषणाची धमकी दिली तेव्हा बाबांनी नियम केला. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी, शुभ कामाला वर्ज्य. त्या दिवशी पाटी बोलणार नाही. लोकांना हे एका झटक्यात पटलं. पाटी बेरजेची आहे हे न पटणाऱ्यांना, ती नवमीला मुकी होते हे लगेच पटलं. त्या तिथींना दार बंद करून मी वर्गमुळं काढायचो. त्यातच माझं जे काही गणित झालं ते झालं.

मग दसरा आला. दसऱ्याला घरोघर पोरांच्या पाट्यांची पूजा होते, पाटीवर सरस्वती काढतात, हळद-कुंकू वाहतात. आमच्या घरी माझी पाटीही आदल्या वर्षी पूजेत होती, आणि त्याला माझी काही हरकत नव्हती. चिमूटभर कुंकू फुंकर मारली की उडतं. मी पाटी आईच्या हातात दिली आणि आंघोळीला गेलो.

न्हाणीतून ऐकू आलं ते बाबांचं चढ्या आवाजातलं म्हणणं. पयःस्नानं समर्पयामि. मला आधी वाटलं, देवघरातल्या बाळकृष्णाला घालत असतील. पण आवाज ओसरीतून येत होता आणि तिथे माणसं होती, बरीच. मग दधिस्नानं. मग घृतस्नानं. मी अंग न पुसता तसाच बाहेर आलो, माणसांना ढकलत पुढे गेलो आणि हात घातला. हात गार, बुळबुळीत चिखलात गेला. माझी पाटी ताम्हनात होती. भोकाभोकात दही भरलं होतं, त्यावर तूप थिजलं होतं. खिळ्यांचा खण मधाने गच्च झाला होता, त्यात साखर आणि तुळशीची पानं.

दर्यापूरच्या अडत्याने अभिषेकाचा नवस बोलला होता, तो एका खटल्यातून सुटला म्हणून. मला कोणी विचारलं नव्हतं, कारण देवाला विचारून कोणी अभिषेक करत नाही. मी ओरडलो, काय बोललो ते आठवत नाही. लोकांनी जयजयकार केला. आणि मग, माझ्या कानांदेखत, पाटीच्या भोकांतून ताम्हनात गळलेलं ते पंचामृत त्यांनी तीर्थ म्हणून पळीपळीने प्यायलं. शिशाचे खिळे, माझ्या बोटांचा वर्षाचा मळ, त्यांच्याच हातांची तंबाखू, सगळं त्यांनी भुरके मारून प्यायलं आणि ओला हात डोक्याला पुसला. माणसाची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि नंतरही आली नाही.

चार दिवस आई आणि मी ती पाटी धूत होतो. कढत पाणी, रिठे, चिंच, राख. आई बाभळीच्या काट्याने एकेक भोक कोरायची, मी एकेक खिळा चिंधीने पुसायचो. मुंग्या हटत नव्हत्या. खिळा शोधायला खणात हात घातला की बोटांवर मुंग्या चढायच्या. आई एकदाच बोलली, मी नको म्हटलं असतं तर माझं कोणी ऐकलं असतं. ते खरं होतं. पाटी अखेर कामाची झाली, पण भोकांच्या तळाशी कुठेतरी काहीतरी राहिलंच. हात तापले, पाटी तापली, की आंबट वास यायचा.

मार्चात परीक्षा आली. केंद्र अकोल्यातच, एका हायस्कुलात. बोर्डाचं पत्र होतं, मला लेखनिक मिळेल आणि गणिताच्या पेपराला पाटी वापरता येईल. इतर पेपर नीट झाले. गणिताच्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले. केंद्रप्रमुखांच्या खोलीत शिरलो आणि तपकिरीचा वास आला. तो वास मी ओळखत होतो. दिवाळीत हे गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आमच्या ओसरीत येऊन गेले होते. जाताना त्यांनी माझ्या पापण्यांना हात लावला होता.

त्यांनी पत्र वाचलं, मग पाटी पाहिली. फार आदराने, फार दुःखाने ते म्हणाले, "महाराज, बोर्डाले काय माहीत? मी हे माझ्या डोळ्यानं पाह्यलं आहे. जे कोणाले दिसत नाही ते ही पाटी सांगते. पेपरातली उत्तरं सांगायले तिले कितीक वेळ? बाकीच्या पोरांवर अन्याय होईन. मले माफ करा, पण हे मी आत नाही नेऊ देणार."

माणूस प्रामाणिक होता. हेच वाईट होतं. लाच मागत असता तर त्याच्याशी बोलता आलं असतं. मी खिळे काढून दाखवले, हे दोन, हे तीन, हे पाच. ते म्हणाले, ते ठीक आहे हो. मी गुरुजींचं नाव घेतलं, शाळेचं घेतलं, घाम फुटेस्तोवर समजावलं. बाहेर पहिली घंटा झाली. पाटीशिवाय पेपर म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे ती ओसरी, तो पाट, ते ओले अंगठे, मरेपर्यंत.

मी म्हणालो, बाबा, तुम्ही सांगा यांना. एकच वाक्य हवं होतं. यात देव नाही, हा पत्रा आहे, मी लोकांना खोटं सांगितलं. बाबांनी ते म्हटलं असतं तर त्या हायस्कुलातून संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि आमच्या ओसरीत पुन्हा कोणी फिरकलं नसतं. ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. ते तोंडातलं पान चघळत राहिले. मी वाट पाहिली.

मग ते घसा साफ करून म्हणाले, "सर, आज नवमी. रिक्ता तिथी. रिक्तेले पाटी बोलत नाही. आज ती नुसता पत्रा आहे."

केंद्रप्रमुखांनी शिपायाला भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणायला सांगितलं. पान उलटल्याचा आवाज झाला. "खरंच की, नवमी," ते म्हणाले, आणि त्यांचा जीव मोकळा झाल्याचं मला ऐकू आलं. मग हरकत नाही, म्हणाले. पाटी त्यांनी स्वतः उचलून माझ्या बाकापर्यंत नेली. वाटेत त्यांच्या पावलांचा आवाज बदलला होता. मला वाटतं, त्यांनी चपला काढल्या होत्या.

मी पेपर सोडवला. हात तापले तसा भोकांतून तो आंबट वास वर येत होता आणि मी त्याच वासात खिळे लावत होतो. मी पास झालो, हे सांगून टाकतो. गुरुजींची खुर्ची मिळाली, आणि अमरावतीला पुढची सगळी वर्षं मी त्याच पाट्यांवर पोरांना बेरजा शिकवल्या. पण त्या परीक्षेचं नाव निघालं की मला निकाल आठवत नाही. परतीची सायकल रिक्षा आठवते.

मोर्णेच्या पुलावर नदीच्या सांडपाण्याची घाण येत होती. बाबा शेजारी बसले होते. एवढ्या मोठ्या गावात ही पाटी म्हणजे काय आहे हे पक्कं ठाऊक असलेली माणसं दोनच, मी आणि ते, हे माझ्या मनात सारखं येत होतं. निदान आम्हा दोघांना तरी खरं माहीत होतं. त्यांनी विचारलं, पेपर कसा गेला. मी तोंड वळवलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, आवाज अगदी लहान झाला होता, "पास होशीन ना रे?"

मी पिशवीतून पाटी काढली आणि त्यांच्या मांडीवर आदळली. म्हणालो, "मले काहून विचारता? इले विचारा."

मला वाटलं, ते चिडतील. किंवा हसतील, मग मीही हसेन आणि आमच्यातलं काहीतरी मिटेल. पण खणातले खिळे सावकाश एका बाजूला घरंगळले, पाटी वर उचलली की घरंगळतात तसे. पत्र्यावर कपाळ टेकल्याचा आवाज झाला. देवघरात बाळकृष्णापुढे जे पुटपुटत तेच बाबा पुटपुटत होते, आणि त्यात मधूनमधून माझं नाव होतं.

त्या दिवशी नवमी होती, हेही ते विसरले होते.